नोंद, निशाणी आणि नाव : एका खटल्याच्या कागदपत्रांचे वाचन

१

११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयाचे न्यायाधीश पॉल एंगलमायर यांनी एक अर्ज नामंजूर केला. अर्जदार होते खुद्द अमेरिकी सरकार. गिलेन मॅक्सवेल हिच्यावर दोषारोप ठेवण्यापूर्वी 'ग्रँड ज्यूरी'पुढे, म्हणजे खटला भरण्याजोगा पुरावा आहे की नाही हे गुप्तपणे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जी साक्ष झाली होती तिची नोंद लोकांसाठी खुली करावी, अशी सरकारची मागणी होती. जेफ्री एपस्टीनच्या कागदपत्रांवरून त्या उन्हाळ्यात अमेरिकेत जो गदारोळ उठला होता, त्याला दिलेले हे एक उत्तर होते.

न्यायाधीशांनी ती बंद पाने आधी स्वतः वाचली आणि मग निकाल लिहिला. निकालातली एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्या गुप्त पानांत एकाही पीडितेची साक्ष नव्हती. तपास अधिकाऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीचा तो गोषवारा होता. मॅक्सवेलच्या उघड खटल्याची नोंद ज्याला ठाऊक आहे, त्याला या बंद पानांतून नवे असे जवळजवळ काहीच कळणार नाही, असे न्यायाधीशांनी नमूद केले होते. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एपस्टीनसंबंधीचे कागद खुले करण्याचा कायदा केला आणि त्या आधारे डिसेंबरात याच न्यायाधीशांनी परवानगीही दिली. पण त्यांचे मूळ निरीक्षण खोटे ठरले नाही.

याचा अर्थ असा की, सारे जग ज्या कुलपाभोवती गोळा झाले होते त्याच्या आत गोषवारा होता. स्त्रियांनी शपथेवर, भर न्यायालयात, आपल्या तोंडाने सांगितलेले जे होते, ते डिसेंबर २०२१ मध्येच उघड सुनावणीत सांगून झाले होते. ते कुलपात नव्हते आणि नाही.

आमच्या गावातल्या एका स्नेह्यांनी मला त्याच सुमारास विचारले, "काय हो, तुम्ही ते कागद वाचताय म्हणे. कोणाकोणाची नावं निघाली?" प्रश्न साधा होता आणि बहुतेकांच्या मनात तोच होता. मला उत्तर देता आले नाही. मी ज्या नोंदी वाचत होतो, त्यांतली जी नावे मला महत्त्वाची वाटत होती ती त्यांना हवी नव्हती. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराच्या जागी आहे.

२

या वाचनाकडे मी कसा आलो ते आधी सांगतो. मी वकील नाही आणि प्राध्यापकही नाही. पदवी अर्धवट सोडल्यावर पोटासाठी एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात टंकलेखनाचे काम धरले. दरखास्ती, वकीलपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि नकला. साक्षीदारांच्या जबान्यांच्या नकला मी किती काढल्या याची मोजदाद नाही. त्या काळात लागलेली सवय अशी की, कागद हातात आला की तो काय सांगतो याच्याआधी तो कसा लिहिला आहे हे डोळा पाहू लागतो. कायद्याचे इंग्रजी पुढे शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो.

आपल्याकडे सत्र न्यायालयात साक्ष कशी नोंदवली जाते, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ प्रमाणे साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहायची असे. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या उत्तराचे वाक्य करून टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर उमटते ते साक्षीदाराचे प्रथमपुरुषी कथन. प्रश्न गळून जातो. न्यायाधीशांना आवश्यक वाटल्यास एखादा भाग प्रश्नोत्तर रूपात घेता येतो, पण तो अपवाद.

याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो उलटतपासात. आरोपीचा वकील म्हणतो, तू पैशासाठी खोटी फिर्याद दिलीस. बाई म्हणते, नाही. कागदावर येते : "हे म्हणणे खरे नाही की, मी पैशासाठी खोटी फिर्याद दिली." नकला काढताना ही वाक्ये मी हजारदा टंकली असतील. "हे म्हणणे खरे नाही की, माझे चारित्र्य संशयास्पद आहे." आरोप दुसऱ्याचा, पण नोंदीत तो तिच्या तोंडी, तिच्याच 'मी'सकट. सुरुवातीचे पाच शब्द वगळून ओळ वाचली तर ती कबुली वाटावी. पंचवीस वर्षांपूर्वी मला याचे काही वाटत नसे. आता वाटते.

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात ही पद्धत नाही. तिथे न्यायालयीन लघुलेखक उच्चारलेला प्रत्येक शब्द टिपतो. पानावर २५ ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक, वकिलाच्या वाक्यापुढे प्रश्नाचे अक्षर आणि साक्षीदाराच्या वाक्यापुढे उत्तराचे. फेडरल न्यायालयांत फौजदारी खटल्याचे चित्रीकरण होत नाही, म्हणून मॅक्सवेलच्या खटल्याचे आपण पाहतो ते फक्त चित्रकारांनी काढलेली रेखाटने. आवाज उरला आहे तो या क्रमांकित ओळींमध्येच. सरकारी संकेतस्थळावर न्यायालयीन कागद पानामागे दहा सेंट भरून मिळतात, आणि एकाने विकत घेतलेला कागद सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून स्वयंसेवी संग्रहही आहेत. तालुक्याच्या गावी बसून मी हे वाचू शकलो ते त्यामुळे.

३

खटल्याची हकीकत थोडक्यात सांगतो. एपस्टीनवर फ्लोरिडात पहिला तपास झाला तो २००५ पासून. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या फेडरल सरकारी वकिलांच्या कार्यालयाने त्याच्याशी खटला न भरण्याचा करार केला. त्या करारात त्याच्या संभाव्य साथीदारांनाही अभय दिले होते आणि तक्रारदार मुलींना याची कल्पना दिली गेली नव्हती. त्याने २००८ मध्ये राज्य न्यायालयात दोन गुन्हे कबूल केले, अठरा महिन्यांची शिक्षा घेतली आणि सुमारे तेरा महिन्यांत तो बाहेर आला. मुलींना अंधारात ठेवून कायद्याचा भंग झाला, असे एका फेडरल न्यायाधीशाने म्हटले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. जुलै २०१९ मध्ये न्यू जर्सीमध्ये त्याला पुन्हा अटक झाली. १० ऑगस्टला तो कोठडीत मेला आणि त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबर संपला.

मॅक्सवेलला २ जुलै २०२० रोजी अटक झाली. सहा आरोपांवर सुनावणी सुरू झाली ती २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, न्यायाधीश ॲलिसन नेथन यांच्यापुढे. बरोबर एक महिन्याने, २९ डिसेंबरला, ज्यूरीने तिला पाच आरोपांत दोषी ठरवले. जून २०२२ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. अपील सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळले गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. या सगळ्या प्रकरणात साक्षीपुराव्यानिशी शेवटापर्यंत चाललेला फौजदारी खटला हा एवढाच.

आता शब्दांकडे पाहू. २००८ मध्ये एपस्टीनने कबूल केलेल्या गुन्ह्यांच्या नावांत 'वेश्याव्यवसाय' हा शब्द होता. एक गुन्हा वेश्यागमनासाठी गळ घालण्याचा आणि दुसरा अठरा वर्षांखालील व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी मिळवण्याचा. गुन्हेगार तोच ठरला, पण गुन्ह्याच्या नावाने त्या मुलींची जागाही ठरवून टाकली. चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुली सरकारी दप्तरात धंद्याच्या एका बाजूला जाऊन बसल्या. मॅक्सवेलवरच्या दोषारोपपत्रात त्याच वयाच्या मुलींना 'अल्पवयीन पीडित' म्हटले आहे आणि पुढे क्रमांक दिले आहेत : एक, दोन, तीन, चार. मधल्या बारा-तेरा वर्षांत घडलेले काही बदलले नव्हते. ज्या शब्दात ते लिहायचे तो शब्द बदलला, आणि तो बदलायला एका वार्ताहराची शोधमालिका, स्त्रियांचे दिवाणी दावे आणि एक मोठी सामाजिक चळवळ लागली.

४

क्रमांकांच्या चार मुली न्यायालयात आल्या तेव्हा मध्यमवयीन झाल्या होत्या किंवा त्या उंबरठ्यावर होत्या. दोषारोपाचा काळ १९९४ ते २००४ असा होता. न्यायालयात त्यांना क्रमांक राहिला नाही, पण सर्वांना नावही मिळाले नाही. पहिलीने 'जेन' या टोपणनावाने साक्ष दिली. दुसरी 'केट' या टोपणनावाने आली. तिसरीने आपले फक्त पहिले नाव सांगितले. चौथी पूर्ण नावाने उभी राहिली. या चौघींचे नावाबाबतचे निर्णय एका ओळीत ठेवून पाहावेत असे मला वाटते. टोपणनाव घेणारी भित्री आणि पूर्ण नाव सांगणारी धीट, असा हिशेब इथे लागू पडत नाही. एकीचे आजचे काम, दुसरीची मुले, तिसरीची प्रकृती : ज्या आयुष्यात परत जायचे आहे त्याच्या मापाने प्रत्येकीने नाव उघडले वा झाकले.

तिसऱ्या साक्षीदाराच्या जबानीत नावाचीच आणखी एक गोष्ट आहे. सातवीत शाळा सुटलेली ही मुलगी. आरोपीला ती काय म्हणत असे, याचे उत्तर ती देते की आडनावाने, कारण तिचे पहिले नाव आपल्याला उच्चारता येत नसे. हे उत्तर पुराव्याच्या दृष्टीने ओळख पटवण्यापुरते. पण त्या एका ओळीत दोन घरांमधले अंतर आहे. एका बाजूला ऑक्सफर्डला शिकलेली, प्रकाशनसम्राटाची मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला जिला त्या मुलीचे नावही जिभेवर घेता येत नाही अशी पाम बीचजवळची गरीब पोर. सरकारी वकिलाने आपल्या भाषणात वर्गभेदावर कितीही बोलावे, त्याला ही ओळ सुचली नसती.

प्रश्नोत्तरांची नोंद वाचताना माझी समजूत सुरुवातीला अशी होती की ही पद्धत आपल्यापेक्षा न्याय्य आहे. वकिलाचा आरोप वकिलापाशी राहतो आणि बाईच्या तोंडी येत नाही. हे खरे आहे. पण पन्नासेक पाने वाचल्यावर वेगळेच लक्षात येऊ लागले. सरतपासात उत्तरे लांब असतात आणि प्रश्न आखूड. उलटतपासात हे उलटते. चार-पाच ओळींचा प्रश्न आणि त्याखाली 'हो', 'नाही', 'आठवत नाही'. सारे तपशील, सारी क्रियापदे वकिलाच्या वाक्यात. साक्षीदाराकडे फक्त होकार-नकार उरतो. आपल्या पद्धतीत बाईच्या तोंडी परक्याची वाक्ये जातात, त्यांच्या पद्धतीत तिच्याकडून वाक्यच काढून घेतले जाते. दोन्हीकडे नोंद तंतोतंत असते.

आणखी एक फरक नकला काढणाऱ्याच्याच लक्षात यावा असा. २०२४ पर्यंतच्या आपल्या संहितेत कलम २८० होते. साक्ष देताना साक्षीदाराचे वर्तन कसे होते याचा शेरा न्यायाधीश लिहू शकतात. 'साक्षीदार रडू लागली' असा शेरा मी स्वतः टंकलेला आहे. अमेरिकी नोंदीत शब्दांवाचून काही नसते. रडण्याला तिथे अक्षर नाही. कोणी मोठ्याने विचारले की थोडा वेळ हवा का, तर त्या प्रश्नावरून वाचकाने ओळखायचे. म्हणून ही पाने भराभर वाचता येत नाहीत. न लिहिलेले कुठे आहे हे पाहत जावे लागते.

५

बचाव पक्षाने पहिल्याच भाषणात आपली दिशा सांगितली होती. स्मृती, फूस आणि पैसा. इंग्रजीत हे तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे ते लक्षात राहतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आठवणी विश्वासार्ह नसतात, वकिलांनी व माध्यमांनी त्या घडवल्या, आणि एपस्टीनच्या मालमत्तेतून मिळणाऱ्या भरपाईने त्यांना धार आली, असा हा युक्तिवाद. खोट्या आठवणींच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस बचावाच्या बाजूने साक्षीला आल्या होत्या.

हा युक्तिवाद फालतू म्हणून बाजूला सारणे मला बरोबर वाटत नाही. आरोपीला तो करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि साक्षींमध्ये विसंगती होत्याच. आधीच्या जबाबात न सांगितलेले पुढे सांगितले गेले होते. एकीने आपल्या आधीच्या दिवाणी दाव्यात मॅक्सवेलचे नाव घेतले नव्हते. भरपाई निधीतून एकूण १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली होती आणि साक्षीदारांना त्यातले बरेच काही मिळाले होते. उलटतपासात प्रत्येक आकडा विचारला गेला. तिसऱ्या साक्षीदाराने पैशाच्या प्रश्नावर दिलेल्या उत्तराचा आशय असा, की त्या बाईने माझे जे केले ते पैशाने कधी दुरुस्त होणार नाही.

पण पैशाचा हा तराजू एकाच बाजूला लावला जातो, हे नोंदीतच दिसते. एका बँक कर्मचाऱ्याच्या साक्षीतून पुढे आले की १९९९ ते २००७ या काळात एपस्टीनकडून मॅक्सवेलकडे सुमारे ३ कोटी ७ लाख डॉलर गेले. त्या आकड्यामुळे कोणाची स्मृती बिघडली का, असे कोणी विचारले नाही. आरोपी साक्षीला उभी राहिली नाही. सरकारला गुन्हा सिद्ध करता आलेला नाही, तेव्हा मी साक्ष देण्याची गरज नाही, असे तिने न्यायाधीशांना सांगितले. गप्प राहणे हा तिचा हक्कच, आणि तो असायला हवा. फक्त वाचकाने हे ध्यानात ठेवावे की नोंदीत ज्यांची स्मृती शेकडो पाने तपासली गेली, त्या सगळ्या एकाच बाजूच्या बाया आहेत.

६

या दप्तरातला मला सर्वांत बोलका वाटलेला कागद कोणाची साक्ष नाही. पाम बीचच्या घरातल्या नोकरांसाठी केलेली ५८ पानांची एक पुस्तिका खटल्यात निशाणी म्हणून दाखल झाली. घर कसे ठेवावे, मालकांशी कसे बोलावे, काय कुठे असावे याच्या बारीकसारीक सूचना तीत आहेत. त्यात नोकरांना बजावले आहे की तुम्ही काही पाहत नाही, काही ऐकत नाही, काही बोलत नाही. तुम्हाला थेट विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे. तिथल्या माजी घरव्यवस्थापकाने साक्षीत सांगितले की मॅक्सवेल ही त्या घरची मालकीण म्हणून वावरत असे.

आपल्याला ही तीन वाक्ये तीन माकडांमुळे पाठ आहेत. आपल्याकडे त्यांचा अर्थ वाईटापासून दूर राहण्याचा. या घरात तीच वाक्ये नोकरीची अट झाली. मला धक्का बसला तो शेवटच्या सूचनेने : विचारले तेवढेच उत्तर. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहणाऱ्यालाही वकील नेमके हेच सांगतो. त्या घराचा शिष्टाचार आणि न्यायालयाचा शिष्टाचार एकमेकांना इतके लागून आहेत, की घरात काही वर्षे न बोलता काढलेल्या माणसाला न्यायालयात बोलते करणे किती अवघड असेल याचा अंदाज येतो.

खटल्यात एक मुद्देमालही होता. २००५ च्या झडतीत जप्त केलेले, घडी घालता येणारे हिरवे मालिशचे टेबल ज्यूरीसमोर आणून उभे केले गेले. 'मालिश' हा शब्द सगळ्या साक्षींमध्ये पसरलेला आहे. मुलींना बोलावले जाई ते मालिशसाठी, पैसे दिले जात ते मालिशचे, फोनवर ठरे ती मालिशची वेळ. त्या शब्दाने सगळ्यांची सोय केली होती. बोलावणाऱ्याची, वेळ टिपून घेणाऱ्या नोकराची, आणि घरी काय सांगायचे या विवंचनेतल्या मुलीचीही. न्यायालयात टेबल उघडून ठेवल्यावर त्या शब्दाला प्रथमच त्याच्या मापाची वस्तू मिळाली. नोंदीत मात्र तिथे फक्त निशाणीचा क्रमांक आहे.

७

आता ऐकले जाण्याविषयी. केटची साक्ष होण्यापूर्वी न्यायाधीशांनी ज्यूरीला सूचना दिली की ही साक्षीदार दोषारोपपत्रातल्या गुन्ह्यांची पीडित नाही, आणि केवळ तिच्या साक्षीवर दोषी ठरवता येणार नाही. कारण तांत्रिक होते. घटनांच्या वेळी तिचे वय संबंधित कायद्यातल्या संमतिवयाच्या वर होते. चौथ्या साक्षीदाराबाबतही, न्यू मेक्सिकोत घडल्याचे ती सांगते तो स्पर्श दोषारोपातल्या व्याख्येप्रमाणे 'बेकायदेशीर लैंगिक कृत्य' नाही, असे सांगितले गेले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सूचना योग्य आहेत. आरोपीला ज्या गुन्ह्यासाठी उभे केले त्याच गुन्ह्यासाठी तोलले पाहिजे. पण नोंद वाचणाऱ्याला एक विचित्र दृश्य दिसते. बाई सांगते आहे, सगळे ऐकत आहेत, आणि तिने सांगितलेल्याचे नाव काय नाही ते आधीच सांगून झाले आहे.

हीच केट शिक्षेच्या दिवशी पुन्हा आली. त्या दिवशी काही स्त्रियांना निवेदन करू दिले गेले. निवेदनाला प्रश्न नसतात. तिथे वाक्ये लांब होतात, सुरुवात-शेवट बोलणारीच ठरवते. एकाच बाईच्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, तर बोलण्याचा साचा बदलला की माणूस किती बदलतो हे कळते.

या सर्व वाचनात मला वाचकाचा आदर्श सापडला तो ज्यूरीत. त्यांची नावे नोंदीत नाहीत. निर्णयाला बसल्यावर त्यांनी साक्षींच्या प्रती मागवल्या. आधी तिघींच्या, मग इतरांच्या. चौथ्या साक्षीदाराची साक्ष कटाच्या आरोपासाठी विचारात घेता येईल का, असे त्यांनी लिहून विचारले. न्यायाधीशांनी होकार दिला. पुढे त्यांनी लिहिण्याचा पांढरा फलक मागितला, निरनिराळ्या रंगांच्या चिकटचिठ्ठ्या मागितल्या, आणि 'फुसलावणे' या शब्दाची व्याख्या मागितली. जेनला प्रवासासाठी फुसलावल्याच्या आरोपातून त्यांनी मॅक्सवेलला निर्दोष सोडले. त्याच जेनला बेकायदेशीर हेतूने नेल्याच्या आरोपात दोषी धरले. ज्यांनी हा निकाल दिला त्यांनी चारही बायांवर विश्वास ठेवला असावा, आणि तरीही एका शब्दापाशी ते थांबले. रागावलेला माणूस असा वाचत नाही. सहा दिवस, रंगीत चिठ्ठ्या लावत, बारा सामान्य माणसांनी जे केले त्याला मी समीक्षा म्हणतो.

८

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खटल्याची नोंद ही सरकारी वकिलांनी आखलेल्या चौकटीतली असते. त्यांनी चार स्त्रिया निवडल्या, दहा वर्षे निवडली, एक आरोपी निवडली. बाकीच्या मुली आणि बाकीचे पुरुष चौकटीबाहेर राहिले. जी यंत्रणा २००७ मध्ये मुलींना न सांगता करार करते, तिच्या दप्तरात आणखी काय आहे असे लोकांनी विचारणे गैर कसे? गैर नाहीच. बड्यांना हिशेब विचारला पाहिजे आणि त्यासाठी कागद उघडलेच पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच की, यादीच्या शोधात वाचले की या स्त्रिया वाटेतल्या दगडांसारख्या होतात, पुढच्या नावाकडे जाण्यासाठी पाय ठेवायच्या. एपस्टीनच्या घरीही त्यांचा उपयोग असाच झाला होता : एकीने दुसरीला आणायचे.

नोंद वाचून काय होते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हा संमती होती असा तो तर्क. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांच्याकडे एकही गुप्त कागद नव्हता. छापून आलेला, कोणालाही वाचता येणारा निकाल त्यांनी नीट वाचला आणि विचारले, की ठाण्यात रात्री पोलिसांपुढे गप्प राहणे म्हणजे संमती कशी? निमूटपणा आणि संमती या दोन शब्दांमधली जागा त्यांनी दाखवून दिली. त्यातून उठलेल्या आंदोलनाने १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यास बंदी करणारे कलम २२८-अ त्याच दुरुस्तीतले. आणि तरी तो खटला आजही आपण त्या मुलीच्या नावाने ओळखतो, आणि त्या दोन पोलिसांची नावे विचारली तर अडखळतो.

स्नेह्यांचा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. मधल्या काळात मी तिसऱ्या साक्षीदाराच्या जबानीची काही पाने मराठीत उतरवली. प्रश्नोत्तरे तशीच ठेवली, 'मी' करून वाक्ये जोडली नाहीत. जुन्या सवयीने हात तिकडे जात होता, तो आवरला. ती पाने त्यांना नेऊन दिली. आठवड्याने परत आणली तेव्हा ते नावांविषयी काही बोलले नाहीत. "ती सातवीत शाळा सोडते ना," ते म्हणाले, "तिथं मी थांबलो. आमची धाकटी सातवीतच आहे." मग त्यांनी पाने पुन्हा मागून घेतली. ती अजून त्यांच्याकडेच आहेत.